गर्ट्रूडबायची हाक

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. ती चालते, असं सोसायटीच्या अहवालात दर वर्षी छापून येतं. छापील शब्दावर आमचा विश्वास असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही. सगळे जिन्याने जातात.

गर्ट्रूडबायही जिन्यानेच यायची. उत्तनहून बसने भाईंदर, तिथून दुसऱ्या बसने मीरा रोड, आणि मग डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन बेव्हर्ली पार्कातले जिने. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला तळमजल्यावरून तिची हाक सुटायची, "सुकी मासळीऽऽय! बोंबील, जवळा, सोडेऽऽय!" ती चौथ्या मजल्यावर बाईच्या बरीच आधी पोचायची. माझी बायको आशा हातातलं काम टाकून, स्टीलचं ताट घेऊन दारात उभी राहायची. बँकेतून फोन आला असला तर बँकेला थांबायला सांगायची. वीसेक वर्षं हे असंच चाललं होतं.

मग एका पावसाळ्यात तिचे गुडघे गेले. डॉक्टरने सांगितलं, जिने बंद. गर्ट्रूडबाय म्हणाली, "डाक्टर तळमजल्यावर बसते, तिचं काय जातं सांगायला!"

गुडघ्यांपेक्षा मोठी काळजी घरांची होती. सुकी मासळी विकणाऱ्या बायांचा एक कायदा आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणून तो पाळला जातो. प्रत्येकीची घरं ठरलेली. बेव्हर्ली पार्कातली आमची रांग गर्ट्रूडबायची, सिल्व्हर पार्क शेवंतीचं. एकीच्या घरांत दुसरीने हाक द्यायची नाही. गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही. आणि ज्या बाईने पावसाळा सरल्यापासून नाताळपर्यंत आपल्या घरांत एकदाही हाक दिली नाही, तिची घरं मोकळी होतात. मग तिथे कोणीही पाटी उतरवावी. घरं गेलेली बाई पुन्हा विकणारी होत नाही. ती नुसती घरातली म्हातारी होते, आणि गर्ट्रूडबायला नुसती म्हातारी व्हायचं नव्हतं.

तिची सून एल्सा भाईंदरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. ती म्हणाली, "मम्मी, जिने चढायचेच नाहीत. आपण ऑनलाइन जाऊ." तिने नोकरी सोडली आणि सल्ल्यासाठी आमच्याकडे आली, कारण माझा पुतण्या दिपेश डिजिटल मार्केटिंगचा क्लास चालवतो. त्याच्या क्लासातून तयार झालेली मुलं पुढे डिजिटल मार्केटिंगचे क्लास चालवतात. धंदा भक्कम आहे.

दिपेशने पहिला ब्लॉग लिहून दिला: "सुक्या बोंबलाचे दहा आरोग्यदायी फायदे". वर एका गुबगुबीत परदेशी माशाचं चित्र. आठवडाभरात तो चार वेळा वाचला गेला. त्यातल्या तीन वेळा दिपेशकडूनच.

गर्ट्रूडबायने मोबाईल लांब धरून चित्र पाहिलं. "हा कोण?"

"सिम्बॉलिक आहे, काकी."

"आमच्याकडं न्हाय येत हा. याला काढ." मग तिने एल्साला जवळ बसवलं. "मी सांगते तसं लिही. फायदे कोणाला पायजेत? बोंबील खाणाऱ्याला एकच दुखणं हाय. शेजारी."

त्या दिवशी जो ब्लॉग झाला त्याचं नाव होतं, "शेजाऱ्याला न कळता बोंबील भाजायची रीत". वीस वर्षं मीरा रोडच्या स्वयंपाकघरांत डोकावलेल्या बाईचा तो ऐवज होता. भाजण्याआधी दुसऱ्या शेगडीवर लिंबाच्या सालींचं पाणी उकळत ठेवा. स्वयंपाकघराचं दार लावा, पण बाथरूमचा पंखा लावू नका, त्याचं तोंड शेजारणीच्या बेडरूमकडे असतं. तवा आधी तापवा, बोंबील मागून टाका, आणि हे सगळं संध्याकाळच्या मालिकेच्या ऐन रंगात उरका, जाहिराती लागायच्या आत. कारण जाहिराती लागल्या की माणसाला वास येतो.

दोन दिवसांत हा मजकूर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिथून तो कुठे कुठे गेला ते दिपेशने मला नकाशावर दाखवलं. मला नकाशा कळला नाही, पण त्यावरचे ठिपके गोवर आल्यासारखे होते. खाली शेकडो माणसं आपापली लबाडी कबूल करत होती. एक मिनलबेनची नोंद होती. मिनलबेन आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे कांदासुद्धा येत नाही. त्यांनी लिहिलं होतं: "मला पहिल्या दिवसापासून समजतं. पण तुम्ही खिडकी लावून घेता ना, ते मला आवडतं."

मी ती ओळ तीनदा वाचली आणि उठून आमची खिडकी नीट लागते का ते पाहून आलो.

त्यानंतर एल्साने व्हिडिओ सुरू केले. त्यांत नटणंथटणं काही नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची बांबूची वलांडी, आणि तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलेली गर्ट्रूडबाय. ती दोन ओले बोंबील उचलते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि जोडी बांबूवर टाकते. सुरुवातीला तीच हाक द्यायची, आणि मग मुकाट्याने जोड्या लावत राहायची. हे लोक अर्धा अर्धा तास बघायचे. आमच्या इमारतीत तर व्हिडिओ सुरू झाल्याची घंटी वाजली की घरोघरी मोबाईल लागायचे. बंगळूरच्या कोणी लिहिलं, मला झोप लागत नव्हती, आता लागते. कोणी विचारलं, हे मासे नवराबायको असतात का? गर्ट्रूडबायने उत्तर लिहवून घेतलं, "न्हाय. एकमेकांना इतकं घट्ट धरून हायत, म्हणजे नसणार."

पार्सलं जाऊ लागली. एल्साचा नवरा डिलन बोटीवर नसेल तेव्हा पिशव्यांतली हवा काढून त्या बंद करायचा. मी आणि दिपेश एका रविवारी उत्तनला गेलो तर ओटीवर पार्सलांचा ढीग होता. दिपेश हरखून गेला. "काका, हे ऑरगॅनिक आहे! एक रुपया जाहिरातीला नाही!" वासावरून ते ऑरगॅनिक असल्याबद्दल मला शंका नव्हती.

एल्सा पत्ते वाचून दाखवत होती आणि गर्ट्रूडबाय मान हलवत होती.

"हे पाच सिल्व्हर पार्कचे," एल्सा म्हणाली.

मान थांबली. "कुठले?"

"सिल्व्हर पार्क, मम्मी. मीरा रोड."

"ती शेवंतीची घरं हायत."

"अगं, त्यांनीच ऑर्डर केलीय. आपण कुठे गेलो त्यांच्याकडे?"

"बाजूला काढ ती."

"मम्मी, इंटरनेटवर घरं नसतात!"

"मंग पार्सल कुठं जातं? इंटरनेटवर जाऊन बसतं? घरातच जातं ना?"

क्लास चालवणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही, म्हणून दिपेश पुढे सरसावला. "काकी, असं बघा. तुम्ही कोणाच्या दारात गेला नाहीत. गिऱ्हाइकाने स्वतःहून तुम्हाला शोधलं."

"मी हाक देते ती तिथं ऐकू जाते?"

"जाते ना! तीच तर गंमत आहे."

"म्हणजे शेवंतीच्या दारात जाऊन मी ओरडले."

"तसं म्हटलं तर... पण तशी ती सगळीकडेच जाते. वसई, दादर, अलिबाग, रत्नागिरी, दुबई..." दिपेश उत्साहाने बोटांवर मोजत होता. प्रत्येक नावासरशी गर्ट्रूडबायचा चेहरा उतरत होता, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

तिने पुढ्यातल्या टोपलीतून उचललेला ओला बोंबील परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "किती बायांच्या दारात ओरडले गो मी?"

मी आयुष्यभर मोठमोठ्या माणसांची मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. जग जवळ आलं, जग म्हणजे एक खेडं झालं, असं सगळेच सांगत. त्या खेड्यात आपण कोणाच्या दारात उभे आहोत, असा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडलेला मला आठवत नाही. पुढ्यात ओले बोंबील घेऊन बसलेल्या या बाईला सबंध पृथ्वी एकदम दिसली होती, दारोदार, आणि प्रत्येक दारापाशी कोणीतरी एक पाटीवाली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"बंद कर ते," गर्ट्रूडबाय म्हणाली. "आधी शेवंतीकडं जाऊ. तिला विचारल्याबिगर मी हाक देणार न्हाय."

एल्साच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाताळ तोंडावर आलाय, मम्मी."

"माहीत हाय मना नाताळ कधी असते."

शेवंती पेणकरपाड्यात राहते. मूळची गुहागरकडची. तळमजल्यावरची खोली, दारात उलटी घातलेली पाटी. आम्ही चौघं रिक्षातून उतरलो तेव्हा ती सोडे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"या. फेमस माणसं आली. नुसत्याच आलात? कॅमेरा नाही आणला?"

"शेवंते, मी तुज्या घरात हाक दिली," गर्ट्रूडबाय दारातूनच म्हणाली. "माफी मागायला आले."

"आत बस आधी. गुडघे गेलेत ना तुझे? सबंध मुलखाला सांगितलंस, मलाच तेवढं कसं माहीत नसेल?" शेवंतीने स्टूल पुढे सरकवलं. "परवा सी विंगमधली काय म्हणते, शेवंती, आम्ही ऑनलाइन मागवलं. म्हटलं, मागव. बोंबलाबरोबर पार्सलात आपला गळाही घालून देते का ते विचार."

"ही घे तुजी घरं." गर्ट्रूडबायने पाच चिठ्ठ्या पुढे केल्या. "नावं, मजले, सगळं हाय. तुजी मासळी दे. माजी पाठवायची न्हाय."

शेवंतीने चिठ्ठ्या घेतल्या, पदराला बांधल्या, आणि चहा टाकला. मला वाटलं, मिटलं. पण तिने कप हातात दिला आणि विचारलं, "आणि बेव्हर्ली पार्क?"

गर्ट्रूडबाय चहावर फुंकर घालू लागली.

"नियम माझा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे," शेवंती म्हणाली. "पावसाळ्यानंतर तू तिकडे फिरकली नाहीस. नाताळ झाला की मोकळी. मी जाणार. मी नाही गेले तर दुसरी जाईल."

"रोज देते ती हाक! मोबाईलवर!" एल्सा भडकली. "तुमच्या घरात हाक दिली म्हणून आम्ही माफी मागायची. मग तीच हाक आमच्या घरात नाही धरायची? असं कसं, मावशी?"

मी दिपेशकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून बसला होता. इतका चोख युक्तिवाद मी कोर्टातही ऐकला नव्हता.

शेवंतीने मात्र सोडे निवडता निवडता उत्तर दिलं. "बघणं वेगळं पोरी, हाक वेगळी. लोक मोबाईलवर वाघसुद्धा बघतात. म्हणून वाघ दारात आला का? हाक म्हणजे काय सांग बघू."

शेवंतीने उत्तराची वाट बघितली नाही.

"हाकेला दार उघडतं," शेवंती म्हणाली. "दार उघडलं तर ती हाक. नाहीतर नुसतं ओरडणं."

गर्ट्रूडबायने कप खाली ठेवला. "बरोबर हाय तुजं."

"मम्मी!"

"बरोबर हाय तिचं. बघू या मंग, उघडतं का." आणि त्या दोघींनी जागच्या जागी ठरवून टाकलं. नाताळच्या आधीचा मंगळवार. सकाळी दहा. गर्ट्रूडबाय उत्तनला बसून मोबाईलवर लाइव्ह हाक देईल. शेवंती आपली पाटी घेऊन आमच्या जिन्यात उभी राहील. दारं उघडली तर घरं गर्ट्रूडबायची. नाही उघडली तर शेवंती तिथेच पाटी उतरवेल. कोणाला आधी सांगायचं नाही. "तुम्ही पण नाही, भाऊ," शेवंतीने मला बजावलं. "बायकोलासुद्धा नाही."

लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर ही अट फार कठीण नव्हती.

मधल्या दिवसांत गर्ट्रूडबायने एल्साकडून एक ब्लॉग लिहवून घेतला. तो असा होता: "सिल्व्हर पार्कवाल्यांनी माझ्याकडून घेऊ नका. तिथे शेवंती येते, बुधवारी. सोडे तिचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. बाकीच्यांनी आधी आपल्याकडे कोण येतं ते बघा, आणि कोणी येत असेल तर तिच्याकडून घ्या."

दिपेशने डोक्याला हात लावला. "काका, मी मुलांना शिकवतो, स्पर्धकाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. आणि इथे वार दिलाय! सोडे चांगले म्हणून सांगितलंय!"

मग ते सुरू झालं. "आमच्या वसईत कोण येतं?" "नालासोपाऱ्यात कोणाला विचारू?" "आमच्याकडे सरूबाई यायच्या, आता दिसत नाहीत, बऱ्या आहेत ना?" गर्ट्रूडबाय खुर्चीत बसून फोन करत होती. एका बाईला दुसरी ठाऊक, दुसरीला तिसरी. कोकणातल्या कुठल्या कुठल्या बंदरांवरून बाया आपापली घरं कळवू लागल्या आणि एल्सा ती त्या त्या गावाखाली लिहू लागली. जिथे कोणीच जात नव्हतं, तिथलं पार्सल गर्ट्रूडबाय घ्यायची. नागपूर निघालं मोकळं. इंदूर मोकळं. बंगळूर, हैदराबाद, भोपाळ मोकळं. जगातली जेवढी घरं कोणाचीच नव्हती तेवढी सगळी, कायद्याने, उत्तनच्या एका ओटीवर आली. पार्सलांचा ढीग पहिल्यापेक्षा वाढला. दिपेशने क्लासला सुट्टी दिली. कशाबद्दल, असं मुलांनी विचारलं तेव्हा म्हणाला, अभ्यासक्रम बदलतोय.

लंडनहून मागणी आली तेव्हा एल्सा म्हणाली, "तिथे तर कोणी नसणारच."

"शोध. असंल कोणतरी."

निघाली. गोराईची एक बाई, लेकीकडे राहायला गेलेली, रविवारी चर्चनंतर ओळखीच्यांत जवळा विकते. गर्ट्रूडबायने लंडन सोडलं.

पण हे सगळं चाललं असताना ती मधेच विचारायची, "मंगळवार कधी?" इंदूरचं तिला कौतुक नव्हतं. इंदूरला तिने कधी जिना चढला नव्हता.

मंगळवार आला. पावणेदहाला शेवंती पाटी घेऊन आमच्या इमारतीत शिरली. मी आणि दिपेश दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर तिच्याबरोबर उभे राहिलो. आमचे मोबाईल तिने आधीच बंद करायला लावले होते. पाटी तिने डोक्यावरच ठेवली होती.

"उतरव ना थोडा वेळ," मी कुजबुजलो.

"उतरवली तर झालंच की मग," ती म्हणाली.

दिपेशचा चेहरा उतरला होता. तो पुटपुटला, "मंगळवारी सकाळी कोण ऑनलाइन असतं, काका? सगळ्यांत वाईट वेळ. मी विचारलं असतं तर संध्याकाळी सात म्हटलं असतं."

"काकी वीस वर्षं मंगळवारी सकाळीच यायच्या," मी म्हणालो. एवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

दहा वाजले असावेत. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तळमजल्यावर कोणी मोटार सुरू करून बंद केली. बाकी काही नाही. चारी मजल्यांवर दारं बंद, दारांवर आकाशकंदील, तोरणं, एका दाराला नाताळचा तारा. शेवंतीने पाटीचा हात बदलला. लाइव्हचं काही बिघडलं असेल, एल्साला रेंज मिळाली नसेल. आणि समजा सगळं नीट असलं, तरी बंद दाराआड, एवढ्याशा डबीतून आलेला आवाज म्हणजे काय? माणूस बघेल, बदाम पाठवील, आणि पुढे सरकवील. मीही तेच करतो.

मग पहिली हाक आली. ती मिनलबेनच्या दारातून आली. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या मोबाईलचा आवाज सर्वांत मोठा असतो.

"सुकी मासळीऽऽय!"

आणि ती संपायच्या आत वरून तीच हाक आली. खालून आली. समोरच्या दारातून, बाजूच्या दारातून, कुठे स्वयंपाकघरातून बारीक, कुठे हॉलमधून ठणठणीत, एक जरा पुढे, एक जरा मागे, एकीच्या शेपटाला दुसरीचं तोंड अडकत गेल्यासारखी. "बोंबील, जवळा, सोडेऽऽय!" एकाच बाईचा आवाज चार मजल्यांवर एकाच वेळी चढत होता. वीस वर्षांत तो कधी इतका भरभर चढला नव्हता. जिन्याचे कठडे जणू गुणगुणत होते. माझ्या दंडावर काटा आला. दिपेशने माझा दंड धरला होता, म्हणून तो त्यालाही लागला असणार.

मी दारांकडे बघत होतो. एकही हललं नाही. शेवंतीच्या मानेची शीर ताठ झाली.

खट्.

वरची कडी. ती आमचीच. आशा स्टीलचं ताट घेऊन बाहेर आली आणि नेहमीच्या सवयीने जिन्यात वाकली. मग समोरचं दार. मग खालची दोन. मग एकदम पाचसहा कड्या. कोणाच्या हातात ताट, कोणाच्या हातात परडी, एका गृहस्थाच्या तोंडावर दाढीचा साबण. कोणीही मोबाईल घेऊन आलं नव्हतं. मोबाईल घरात टेबलावर ओरडत राहिले होते, आणि ही माणसं पायांना जे माहीत होतं त्याप्रमाणे चालत दारात आली होती. आल्यावर त्यांना कळलं की गर्ट्रूडबाय जिन्यात नाही. तरी कोणी आत गेलं नाही. मिनलबेनसुद्धा दारात होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं. त्या दर मंगळवारी नुसत्या बघायला येत असत, हे मला त्या दिवशी कळलं.

आशाने मला जिन्यात बघितलं. "तू इथे काय करतोयस? आणि ती कुठंय?"

"उत्तनला," मी म्हणालो.

"हाक तर इथे आली."

शेवंतीने मान वर करून एकेक मजला पाहिला. दारं मोजली नाहीत, नुसती पाहिली. मग ती म्हणाली, "आली." एवढंच. आणि पाटी न उतरवता ती वळली.

"अहो, थांबा!" साबणवाले गृहस्थ खाली वाकून ओरडले. "तुमच्या पाटीत आहेत ना सोडे? आता उघडलंच आहे दार, तर द्या की पावशेर!"

"ही माझी घरं नाहीत," शेवंती जिना उतरता उतरता म्हणाली.

"अहो पण आहेत ना सोडे?"

"आहेत. उद्या सिल्व्हर पार्कला या."

ताटं, परड्या आणि रिकामे हात घेऊन सगळी इमारत कठड्यांवरून वाकून बघत राहिली. सोड्यांचा खमंग वास मजल्यामजल्यावर रेंगाळत, आमच्या सगळ्यांच्या नाकाखालून, भरल्या पाटीबरोबर खाली चालला होता. घराघरांतून गर्ट्रूडबाय अजून हाका देतच होती. दारं उघडल्याचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.